शाळा जिथे संपते, तिथून पुढे

महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतीवर अब्राहम लिंकनचे हेडमास्तरांना लिहिलेले म्हणून एक पत्र चौकटीत लावलेले असते. स्नेहसंमेलनात मुले ते पाठ म्हणतात. पत्र सुंदर आहे, पण ते लिंकनने लिहिल्याचा पुरावा आजवर सापडलेला नाही. लिंकनचे खरे बालपण मात्र त्या पत्राहून जास्त शिकवणारे आहे.

लिंकन 1809 मध्ये केंटकीत एका लाकडी झोपडीत जन्मला. नऊ वर्षांचा असताना आई वारली. सगळी मिळून त्याची शाळा जेमतेम वर्षभराची. सावत्र आईने त्याच्या वाचनाला आडकाठी केली नाही, उलट उत्तेजन दिले. पुस्तके मागून आणून तो वाचत राहिला, कायदाही स्वतःच शिकला आणि 1836 मध्ये त्याला वकिलीची सनद मिळाली.

ही गोष्ट सांगितली की एखादे पालक म्हणतात, "बघा सर, शाळेशिवाय माणूस मोठा होतो ना! मग आमच्या पोराला सातवीनंतर दुकानात बसवले तर काय बिघडले?" याचे उत्तर लिंकननेच देऊन ठेवले आहे. स्वतःला शाळा मिळाली नाही, म्हणून त्याने मुलाला शाळेतून काढले नाही. त्याचा मुलगा रॉबर्ट हार्वर्डमध्ये शिकून 1864 मध्ये पदवीधर झाला. शाळा न मिळणे ही लिंकनची अडचण होती, त्याचा सल्ला नव्हता.

अमेरिका दूर राहिली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातच पाहू. केळापूर जिल्ह्याच्या एका टोकाला, तर पुसद दुसऱ्या टोकाला. पुसदजवळच्या गहुली या बंजारा तांड्यावर 1 जुलै 1913 रोजी वसंतराव नाईक जन्मले. तांड्यावर शाळा नव्हती. आजूबाजूच्या गावांतील शाळांत पायी जाऊन त्यांनी प्राथमिक शिक्षण घेतले. पुढे घर सोडून ते अमरावती आणि नागपूरला गेले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून 1938 मध्ये बी.ए. झाले आणि 1940 मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. हाच तांड्यावरचा मुलगा 1963 पासून 1975 पर्यंत, अकरा वर्षांहून अधिक काळ, महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता. ज्या कॉलेजात ते शिकले, त्या संस्थेला आज त्यांचेच नाव आहे. त्या काळी शेतात आणि गुराढोरांमागे हात हवेच असत. तरी वडील फुलसिंग नाईक यांनी मुलाला पुढच्या शाळेला पाठवले.

राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची कथाही अशीच. वडील लहानपणीच गेले. आई विठाईने कष्ट करून मुलांना वाढवले. यशवंतराव कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, 1932 मध्ये तुरुंगात गेले. मॅट्रिक झाले तेव्हा विशी उलटून गेली होती. आपल्याकडे एक वर्ष नापास झालेल्या मुलाचे दप्तर कायमचे माळ्यावर टाकतात. विठाईने तसे केले नाही. 1938 मध्ये यशवंतराव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून पदवीधर झाले, मग पुण्याला जाऊन वकील झाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तर शाळेत असूनही शाळेबाहेर ठेवले गेले. वर्गात वेगळे बसावे लागे, पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे. संस्कृत शिकण्याची मुभा मिळाली नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली. उर्दू वाचणाऱ्या आपल्या घरांनी हे जरूर लक्षात ठेवावे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. वडील रामजी पहाटेच्या अभ्यासासाठी मुलाला उठवत. पुस्तकांसाठी पैसे नसत, तेव्हा लग्न झालेल्या मुलींचे दागिने मागून आणत आणि गहाण ठेवत. 1907 मध्ये बाबासाहेब मॅट्रिक झाले. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले आणि 1915 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. झाले. शिष्यवृत्ती महाराजांनी दिली हे सगळ्यांना ठाऊक असते. पण शिष्यवृत्तीपर्यंत पोहोचवले ते वडिलांनी आणि बहिणींच्या दागिन्यांनी.

आपल्या समाजातले उदाहरण बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे. 1929 मध्ये कोकणातल्या आंबेत या सावित्री नदीकाठच्या खेड्यात ते जन्मले. तिथून मुंबई, मुंबईहून लंडन, आणि 1980 मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद. या पदावर बसलेले ते आजवरचे एकमेव मुस्लिम.

मुलींच्या बाबतीत "लांब कशाला पाठवायचे?" हा प्रश्न हमखास येतो. प्रतिभाताई पाटील 1934 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या नाडगाव या खेड्यात जन्मल्या. जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजातून एम.ए. झाल्या, मुंबईत कायदा शिकल्या, 1962 मध्ये आमदार झाल्या आणि 2007 मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती.

या सगळ्यांच्या आयुष्यात एक जागा सारखी येते. जवळची शाळा संपते आणि पुढची शाळा लांब असते. मूल पुढे जाणार की थांबणार, हे त्या ठिकाणी ठरते, आणि ते ठरवते घर. कुणाच्या वडिलांनी, कुणाच्या आईने तिथे मुलाचा हात सोडला नाही.

आपल्या मुलांची गळतीही नेमकी याच जागी होते. गावातली उर्दू शाळा सातवी-आठवीला संपते. पुढे मराठी माध्यम, दुसरे गाव, बसचा प्रवास. मुलगा गॅरेजवर, फळांच्या गाडीवर किंवा जिनिंगमध्ये जातो, मुलगी घरात बसते. आम्ही शिक्षक पटावरचे नाव कमी करतो आणि एक हुशार मूल हिशेबातून निघून जाते. ही मुले बुद्धीने कमी नसतात. उर्दूत पक्के असलेले मूल मराठीत वर्षभर अडखळते, मग सावरते. ते पहिले वर्ष मात्र घराने सोसायला हवे.

वाटेत काही आधारही आहेत. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. एका मोहल्ल्यातल्या चार-पाच मुली एकाच बसने निघाल्या तर काळजी निम्मी होते. मराठीसाठी मोहल्ल्यातल्याच एखाद्या कॉलेजच्या मुलाने संध्याकाळी तासभर दिला तरी पुरते. आणि कमाईचा विचार करताना एवढे पाहावे की आज दुकानात बसलेला मुलगा महिन्याला जे आणतो, त्यापायी त्याच्या पुढच्या तीस वर्षांचे काय होते.

आपल्या नबींवर (स.) उतरलेला पहिला आदेश वाचण्याचा होता. तो सातवीपर्यंतचा नव्हता, फक्त मुलांसाठीही नव्हता. सगळी मुले मुख्यमंत्री होणार नाहीत, व्हायलाही नकोत. पण चांगली परिचारिका, तलाठी, वकील, शिक्षिका आपल्या घरांतून निघू शकते. निकाल लागतील, दाखले हातात येतील. दाखला घेऊन पुढच्या शाळेत आपण स्वतः मुलाबरोबर जाऊ या. पुढचे, इन्शा अल्लाह, मूल बघून घेईल.