एका अक्षराची चूक

शुद्धलेखनात एक अक्षर चुकले तर आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा फार तर अर्धा गुण जातो. विद्यापीठात रेण्वीय जीवशास्त्र शिकणाऱ्याला मात्र एका अक्षराने आयुष्य बिघडलेले दिसते. डीएनएची अक्षरे चारच. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलले की प्रथिनातील एक अमिनो आम्ल बदलते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. प्रथिनातील हा फरक व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५० च्या दशकात केंब्रिज येथे शोधला. हा सिकलसेल आजार आपल्या गडचिरोली, नंदुरबारकडेही आहे. मूल आजारी निघाले की बोल आईला लागतो. वास्तविक सदोष जनुक आईबाप दोघांकडून आले तरच हा आजार होतो. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. निदान एवढे तरी गावी समजावून सांगेन.