सुटीच्या गावी परत जाताना

दिवंगत आईवडिलांच्या आठवणींचे गाव पुन्हा एकदा पाहून यावे, असे अनेकांच्या मनात असते. घरातील वृद्धांना सोबत घेऊन असा प्रवास करताना काय सांभाळावे, याचा वालचंदनगरच्या निमित्ताने केलेला विचार.

सुटीचे गाव म्हटले की वाडा, परसदार आणि विहीर आठवते. परंतु महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांचे सुटीचे गाव म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतील एक क्वार्टर असे. वडील किंवा आजोबा तेथे नोकरीस, आणि मे महिन्यात सारी मुले-नातवंडे तेथे गोळा होत. नोकरी संपली की किल्ली परत करावी लागे आणि त्या घराशी असलेला संबंध कागदोपत्री एका दिवसात संपे. पुढे कधीतरी ती व्यक्तीही जाते. वर्षश्राद्ध होते, तसबिरीला हार पडतो. तरीही एकदा तेथे जाऊन यावे, ही इच्छा मागे उरते. ना सातबारा, ना घर, ना ओळखीचे कोणी भेटेल याची खात्री. मग जायचे कशासाठी?

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे अशा गावांचे ठळक उदाहरण. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी नीरा नदीच्या परिसरात, कळंब गावाजवळ ऊसशेती आणि साखर कारखाना उभा केला. त्याभोवती वसाहत वसली. पुढे अवजड यंत्रसामग्रीचा उद्योग वाढला. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ घेऊन झेपावलेल्या प्रक्षेपकाचे काही भाग याच गावात घडले. ज्यांचे वडील येथे पाळीवर जात, त्यांना मात्र गाव आठवते ते भोंग्याने, चिपाडाच्या ढिगांनी आणि मळीच्या उग्र वासाने.

स्थळ आणि स्मृती

वासाने जुनी आठवण एकदम जागी होते, यामागे शरीररचनेचे कारण आहे. गंधाची संवेदना मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांशी फार जवळून जोडलेली असते. शिवाय साधारण दहा ते तीस या वयातील प्रसंग उतारवयात अधिक ठळकपणे आठवतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. म्हणूनच सकाळचे औषध घेतले की नाही हे विसरणाऱ्या आजींना साठ वर्षांपूर्वीच्या शेजारणींची नावे क्रमाने सांगता येतात.

वृद्धांचे असे मागे वळून पाहणे पूर्वी दुबळेपणाचे लक्षण मानले जाई. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये वेगळे मत मांडले: आयुष्याचा असा आढावा घेणे ही उतारवयाची स्वाभाविक आणि बहुधा उपकारक प्रक्रिया आहे. शोकाविषयीचा विचारही असाच बदलला. गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणे म्हणजे दुःखातून बाहेर पडणे, असा समज दीर्घकाळ होता. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी १९९६ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने दाखवून दिले, की अनेक माणसे मृत आप्ताशी असलेले नाते तोडत नाहीत; ते नव्या रूपात जपतात आणि तरीही समाधानाने जगतात. श्राद्धपक्ष पाळणाऱ्या आपल्या समाजाला हे सांगावे लागू नये.

निघण्यापूर्वी

पहिला प्रश्न असा, की हा प्रवास कोणाला हवा आहे? पुष्कळदा ओढ मुलाला असते आणि आईला मात्र ते गाव पुन्हा पाहणे जड वाटते. 'आई, तुला बरे वाटेल' असे म्हणून निर्णय लादू नका. तिने नकार दिला तर मुलाने एकट्याने जाऊन यावे आणि छायाचित्रे आणावीत. ती पाहायची की नाही, केव्हा पाहायची, हे तिने ठरवावे. भावंडांपैकी एखाद्याला जावेसे वाटले नाही, तर त्याचे वडिलांवर प्रेम कमी होते असे समजू नका.

बालपण मे महिन्यातले असले तरी वृद्धांना मे महिन्यात नेऊ नका. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पुण्याहून सासवड, मोरगाव, बारामती या मार्गाने जाताना दर तास-दीड तासाने गाडी थांबवून त्यांना चार पावले चालवावे. दीर्घकाळ बसल्याने पायांना सूज येते आणि एकदम उठल्यास रक्तदाब उतरून तोल जातो. औषधे हातपिशवीत ठेवा. जेवणाची आणि इन्सुलिनची वेळ चुकवू नका. लघवीला जावे लागेल या धास्तीने पाणी कमी पिणे हा वृद्धांचा नित्याचा उपाय, आणि तो घातक आहे. स्वच्छतागृह कोठे मिळेल हे आधीच विचारून ठेवले, तर ती धास्ती उरत नाही.

तेथे पोहोचल्यावर

जुन्या क्वार्टरमध्ये आता दुसरे कुटुंब राहत असेल. दारातून नम्रपणे विचारावे; नाही म्हटले तर रस्त्यावरूनच पाहावे. कारखान्याच्या आवारात परवानगीशिवाय प्रवेश मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये. घर लहान वाटेल, झाड तुटलेले असेल, पत्ता सापडणार नाही. ही शक्यता आईला घरून निघण्यापूर्वीच सांगून ठेवा.

एका दिवसात सारे पाहण्याचा अट्टहास नको. एखादे स्थळ पुरे. त्या काळी सहलीला नीरा-नरसिंहपूरला जात असाल, तर नीरा-भीमेच्या संगमावर घाटाच्या पायऱ्या उतरण्याचा आग्रह धरू नका. वरूनही संगम दिसतो. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. काठावर खुर्ची टाकून ते पाहता येतात.

बोलते करताना उलटतपासणी करू नये. 'कोणत्या साली आलात?' यापेक्षा 'बाबा पाळीवरून आले की आधी काय करत?' हा प्रश्न उत्तम. जुने सामूहिक छायाचित्र जवळ ठेवावे आणि आई सांगेल ती नावे मागे पेन्सिलीने लिहावीत. ती नावे सांगू शकणारे घरात बहुधा तेवढेच एक माणूस उरलेले असते.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला नेत असाल तर अधिक जपावे. 'हे अजून आले नाहीत का?' असे आईने विचारले, तर 'बाबा जाऊन दहा वर्षे झाली' हे वाक्य तिला प्रत्येक वेळी नव्याने ऐकू येते आणि प्रत्येक वेळी तेवढेच लागते. खोटेही बोलायला नको. 'तुला त्यांची आठवण येते आहे ना? त्यांना चहा कसा लागायचा?' असे विचारावे. सायंकाळी अशा रुग्णांचा गोंधळ वाढू शकतो. म्हणून अंधारापूर्वी मुक्कामी पोहोचावे.

अश्रू आणि धोक्याच्या खुणा

रडू येईल. ते थांबवू नका, चटकन विषयही बदलू नका. जवळ बसा. मात्र छातीत दुखणे, धाप लागणे, दरदरून घाम येणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काही झाल्यास 'भावना अनावर झाल्या' असे समजून वाट पाहू नका. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

मृत्यूला बराच काळ लोटूनही रोजचे जेवण, झोप, औषधे यांकडे दुर्लक्ष होत असेल, जगण्यात अर्थ नाही असे उद्गार वारंवार येत असतील, तर प्रवास हा त्यावरचा उपाय नव्हे, डॉक्टरांना दाखवावे. 'टेली मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा क्रमांक घरात लिहून ठेवावा. सेवा करणाऱ्या मुला-सुनेचे वडीलही गेलेले असतात, हे बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. आईला सावरताना आपले रडणे राहून गेले असेल, तर परतल्यावर त्यासाठीही वेळ काढा.

इंदापूर तालुक्यातच पळसदेवचे जुने मंदिर आहे. उजनीच्या पाण्याखाली गेलेले हे मंदिर, पाणी फार उतरले की पुन्हा दिसू लागते. लोक जातात, पाहतात, परततात. पावसाळ्यात ते पुन्हा पाण्याखाली जाते, आणि त्यामुळे कोणी ते हरवले असे म्हणत नाही. वालचंदनगरहून परतताना आई गप्प असली, तर तिला गप्प राहू द्या. चार दिवसांनी भाजी निवडताना ती आपण होऊन बोलू लागेल. तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून तिच्याजवळ बसा.