हरण्याचा विक्रम : क्लीव्हलँड स्पायडर्स, १८९९

● मालक : रॉबिसन बंधू. क्लीव्हलँड आणि सेंट लुइस हे दोन्ही बेसबॉल संघ त्यांचेच. साय यंग, जेसी बर्केट असे मोहरे त्यांनी हंगामाआधीच सेंट लुइसला हलवले.

● कामगिरी : १५४ सामने, २० विजय, १३४ पराभव. एकदा सलग २४ पराभव. शेवटच्या ४१ सामन्यांत विजय एकच. विजेत्या ब्रुकलिनपेक्षा ८४ सामने मागे.

● प्रेक्षक : घरच्या मैदानावर हंगामभरात जेमतेम ६,०००. तिकिटांच्या वाट्यातून प्रवासखर्चही सुटेना, म्हणून पाहुणे संघ यायला नाखूश. परिणामी बहुतेक सामने परगावी. तिथे १०१ पराभव.

● शेवट : १९०० च्या हंगामाआधी नॅशनल लीगने १२ पैकी ४ संघ वगळले, त्यांत क्लीव्हलँडही. एका हंगामातील सर्वाधिक पराभवांचा विक्रम मात्र आजही त्यांच्याच नावावर.