सावळ्या गालावरचा निळा

पोर्ट्रेट शिकणारा विद्यार्थी सावळा चेहरा रंगवायला घेतो, तेव्हा बहुतेकदा गव्हाळ रंग कालवून त्यात काळा मिसळत जातो. चेहरा गडद होतो खरा, पण मातकट दिसतो.

कारण त्वचा अर्धपारदर्शक असते. तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम चार-पाच टक्के वरच्या वर परततो. बाकीचा आत शिरतो, मेलॅनिन या रंगद्रव्यातून रक्तापर्यंत पोचतो, त्वचेतल्या तंतूंमध्ये विखुरतो आणि उरलासुरला पुन्हा मेलॅनिनमधूनच बाहेर येतो. या वाटेवर मेलॅनिन निळा प्रकाश सर्वाधिक गिळते, रक्तातले हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा. म्हणून बाहेर येणारा रंग कुणाचाही असो, नारिंगीच्या आसपासचाच असतो. गोऱ्या-सावळ्यात मुख्य फरक उजळपणाचा. तपकिरी म्हणजे अंधारलेला नारिंगीच!

वरच्या वर परतलेल्या प्रकाशाला मात्र मेलॅनिन भेटलेलेच नसते. त्यामुळे चकाकीचा रंग त्वचेचा नसतो, उजेडाचा असतो. उत्तरेच्या खिडकीतून आकाश दिसत असेल तर निळसर. गोऱ्या गालावर आतून येणाऱ्या भरपूर प्रकाशात हा निळा विरून जातो. सावळ्या गालावर तोच ठळक उठतो, आणि सावळ्या चेहऱ्याचे खरे सौंदर्य मला तिथेच दिसते. तो टिपायला निळी ट्यूब लागतेच असे नाही. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॅलेटवर पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन आणि आयव्हरी ब्लॅक एवढेच रंग असतात. उष्ण रंगांच्या शेजारी काळ्या-पांढऱ्याचा करडा डोळ्याला निळा भासतो.

गोव्यात जन्मलेले आणि जे. जे. स्कूलमध्ये अध्यापन केलेले चित्रकार ए. एक्स. त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची व्यक्तिचित्रे पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेच्या संग्रहात आहेत. पोर्ट्रेट शिकणाऱ्याने चकाकीचा रंग शोधत ती अगदी जवळ जाऊन पाहावीत.

त्वचा रंगवायला तैलरंग इतका जुळतो, कारण त्यातही प्रकाश आत शिरू शकतो. जवसाचे तेल उडून जात नाही; हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचा पारदर्शक, टणक पापुद्रा होतो. खालचा उजळ थर वाळल्यावर त्यावर बर्न्ट सिएना किंवा अलिझरिनचा ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर दिला, की प्रकाश ग्लेझमधून खाली जातो आणि त्याच रंगातून गाळला जाऊन परततो, त्वचेत घडते तसेच. टिटॅनियम व्हाइटचा वक्रीभवनांक तेलाच्या तुलनेत फार मोठा, सुमारे २.६ विरुद्ध १.५, म्हणून तो प्रकाश अडवतो. ग्लेझमध्ये तो किंचित जरी मिसळला तरी आतली वाट बंद होते आणि गाल खडूसारखा दिसू लागतो.