चाळीस नंबर म्हणजे चक्क टक्कल!

मे महिना लागतो, जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि दारातल्या हस्कीकडे बघून मालकालाच घाम फुटतो. शेजाऱ्याचा सल्ला तयार असतो, ‘‘भाऊ, एकदम बारीक करी टाक!’’ घाई नको. केस कापायची मशीन जरूर घ्या, पण त्याआधी या नऊ गमती वाचा.

१. एका अंगावर दोन कोट
हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरियन ही सगळी डबल कोटवाली मंडळी. वर राठ, लांब केस आणि खाली दाट, मऊ लव. ब्रश फिरवल्यावर ही लव जिनिंगमधल्या कापसासारखी पुंजक्यांनी निघते. ती विंचरून काढली की कातडीपर्यंत हवा खेळते. वरचा कोटही भादरला तर सावलीच गेली! पांढऱ्या कुत्र्याची कातडी उन्हात भाजते. केस परत यायला कधी वर्षही लागतं आणि कधी नुसती ठिगळं उगवतात.

२. मेंढीचा न्याय कुत्र्याला नको
‘‘मेंढ्या नाही का भादरत?’’ हा धुळ्याकडचा हमखास सवाल. ठेलारी मेंढपाळांचे कळप ज्यांनी पाहिलेत, त्यांना तो सुचणारच. पण मेंढीची लोकर वाढतच राहते, म्हणून ती कातरावी लागते. कुत्र्याची आतली लव हंगाम बदलला की आपोआप सुटते. तिला कात्री लागत नाही, कंगवा लागतो.

३. घाम येतो तळपायाला
माणसासारखा अंगभर घाम कुत्र्याला येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात आणि गारव्याचं खरं काम धापा टाकणारी जीभ करते. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असतं. बाहेर ४५ अंश असताना, अंगावर घामच नसेल तर नुसत्या वाऱ्याने गार वाटणार कसं? म्हणून पाण्याचं भांडं, सावली आणि ओली फरशी आधी, हजामत नंतर.

४. सलूनचं गणित इथे उलटं
सलूनमध्ये ‘एक नंबर’ म्हणजे ३ मिलिमीटर आणि ‘चार नंबर’ म्हणजे साधारण १३. नंबर वाढला की केस लांब. कुत्र्याच्या ब्लेडला मात्र नंबर वाढेल तसे केस आखूड! ४ एफ ब्लेड सुमारे साडेनऊ मिलिमीटर केस ठेवतं, १० नंबर दीड मिलिमीटर आणि ४० नंबर जेमतेम पाव मिलिमीटर. ४० नंबर डॉक्टर ऑपरेशनआधी वापरतात. घरी १० नंबर पुरतं. पंजाखालचे केस, पोटाची खालची बाजू आणि शेपटीखालची जागा, एवढंच त्याचं कार्यक्षेत्र.

५. मशीनचं खरं गिऱ्हाईक
शिह त्झू, ल्हासा आणि पूडल यांचे केस वाढतच राहतात, त्यामुळे त्यांना मशीन हवीच. पूडलची ती फॅशनेबल कटिंगही मुळात कामाची. हा गडी पाण्यात उतरून शिकार आणायचा. पोहायला हलकं पडावं म्हणून अंगावरचे केस काढत आणि सांधे उबदार राहावेत म्हणून तिथले ठेवत. याउलट आपला मुधोळ हाउंड! २००५ साली टपाल तिकिटावर झळकला, पण केस इतके आखूड की मशीनचा खर्च शून्य. ओला टॉवेल फिरवला की स्वारी तयार.

६. मिक्सरचा चुलतभाऊ
ग्रूमिंगच्या दुनियेतलं मोठं नाव म्हणजे ऑस्टर. जॉन ऑस्टरने १९२४ मध्ये अमेरिकेतल्या रसीन गावात हाताने चालणाऱ्या केस कापण्याच्या मशीनपासून सुरुवात केली. १९४६ मध्ये त्याच कंपनीने ब्लेंडर बनवणारी एक कंपनी विकत घेतली आणि ‘ऑस्टरायझर’ घरोघरी पोहोचला. दुसरा नामांकित ब्रँड अँडिस. तोही १९२२ साली त्याच रसीनमध्ये जन्मला!

७. अमेरिकेच्या मामाची भेट
मामाने तिकडून मशीन आणली तर प्लगमध्ये खुपसण्याआधी लेबल वाचा. तिकडची वीज १२० व्होल्ट, आपली २३०. चार्जरवर ‘१००–२४०’ छापलेलं असेल तर बिनधास्त लावा, नुसतं १२० असेल तर धूर निघालाच म्हणून समजा. दाट केसांसाठी रोटरी मोटरची मशीन बघा. दाढीचा ट्रिमर शेफर्डच्या मांडीवरच दम टाकतो. तो केस कापायचं सोडून ओढायला लागतो, आणि एकदा ओढ बसली की पुढच्या वेळी कुत्रा पलंगाखाली.

८. पंचेचाळीस हजारांचा कान
माणसाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५ हजारांपर्यंत. आपल्याला ‘घुर्रर्र’ एवढंच वाटतं, त्याला त्यात आणखी काय काय ऐकू येत असेल! म्हणून पहिले काही दिवस मशीन नुसती सुरू करून लांब ठेवा आणि शेजारी खाऊ ठेवा. मग बंद मशीन पाठीवर टेकवा, मग चालू. कापायची पाळी त्यानंतर.

९. मनगटावरची परीक्षा
ब्लेड घर्षणाने तापतं आणि आपल्याकडे उन्हाळ्यात तर फार लवकर. दर थोड्या वेळाने ते स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पोटाला बसणारच. दोन थेंब तेल घाला, थांबा, नाहीतर दुसरं ब्लेड चढवा. सिरॅमिक ब्लेड कमी तापतं, पण फरशीवर पडलं की तुकडे. लोडशेडिंगचा भरवसा नसल्याने कॉर्डलेस मशीन सोयीची. फक्त तिची बॅटरी तापलेल्या गच्चीवर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, लिथियमला आपला मे महिना मुळीच सोसत नाही.

खरेदीला निघताना
आधी चांगला ब्रश आणि लव काढायचा कंगवा, मग मशीन, मग एक जादा ब्लेड, हा क्रम. आंघोळ घालून, पूर्ण वाळवून, विंचरून झाल्यावरच मशीन लावा, कारण धुळीने ब्लेडची धार जाते. ब्लेडवर चढवायचे ‘बारा गार्ड फुकट’ला भुलू नका. गुंता असलेल्या केसांत प्लॅस्टिकचा गार्ड बोटभरही सरकत नाही. आणि नीट विंचरलेल्या हस्कीला त्या बारापैकी एकाचीही गरज पडत नाही.