पाव, पेला आणि पंगत

लहानपणी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आम्हा भावंडांवर एक जबाबदारीचे काम येत असे. आईने मोजून दिलेला मैदा, डालडा आणि पिठीसाखर घ्यायची, बरोबर पत्र्याचा रिकामा डबा घ्यायचा आणि बेकरी गाठायची. तिथे अर्धी गल्ली आधीच डबे घेऊन बसलेली असायची. नंबर लागला की बेकरीवाला आपल्यादेखत पीठ मळायचा, गोळे करून पत्र्यावर मांडायचा आणि लांब दांडीने पत्रा भट्टीत ढकलायचा. मग जो वास सुटायचा! जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यापर्यंत तो गरम डबा पोटाशी धरून आणताना सदरा तुपकट व्हायचा आणि दोन-चार नानकटाया हिशेबातून वजा व्हायच्या. ही १९७०च्या आसपासची गोष्ट.

घरात भट्टी कुणाकडेच नव्हती. केक करायचा तर पातेल्यात वाळू पसरून, त्यावर डबा ठेवून. पुढे ॲल्युमिनियमचा गोल, विजेवर चालणारा ओव्हन आला. त्याच्या झाकणाला काचेची छोटी खिडकी असे आणि त्या खिडकीवर घरातली सगळी डोकी एकदम वाकत. केक फुगतो की बसतो, या प्रश्नाला कसोटी सामन्याच्या शेवटच्या दिवसाची उत्कंठा असे.

या सगळ्या आनंदात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. आईने गरम नानकटाई कधी खाल्ली होती? नानकटाईच कशाला, वाफाळलेला भात तिच्या पानात कधी पडला असेल असे मला वाटत नाही. पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची, मग आजी आणि पाहुण्या, आणि शेवटी पातेल्यांच्या तळाशी उरलेल्या ऐवजावर आई आणि काकू. त्यांना कुणी सक्ती केली नव्हती, असे वडील म्हणत. सक्ती करायची गरजच कुठे होती?

१९८६ साली माझे लग्न झाले. ही माध्यमिक शाळेत गणित शिकवायची. म्हणजे सकाळी दोन डबे, मग शाळा, मग वह्या, मग पुन्हा ओटा. मी दिवसा बँकेत आणि रात्री कादंबरीत. माझ्या कादंबऱ्यांतून स्त्रियांच्या कष्टांविषयी मी बरेच लिहिले आहे, वाचकांनी त्याबद्दल पत्रेही पाठवली. ती पाने लिहीत असताना टेबलावर चहाचा कप आणून ठेवणारा हात कुणाचा होता, हे मात्र त्यांपैकी कुणी विचारले नाही. मीही नाही.

२९ फेब्रुवारी २०२० रोजी मी निवृत्त झालो. हार-तुरे झाले, श्रीफळ झाले आणि बरोबर पंचवीस दिवसांनी देश बंद झाला. घराबाहेर जायचे नाही, भाजीवाल्याशी दोन हातांवरून बोलायचे. अशा वेळी माणूस फार तर किती वाचणार? एके सकाळी मी हिला म्हणालो, ‘‘आजपासून संध्याकाळचा स्वयंपाक माझा.’’ तिच्या डोळ्यांत आनंदाश्रू वगैरे येतील अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, ‘‘अहो, ओटा पुसून ठेवाल ना?’’

स्वयंपाकघर ही तिची शाखा होती आणि मी बदलीवर आलेला नवखा अधिकारी. मीठ किती, असे विचारले की उत्तर ‘अंदाजाने’. तेल तापले हे कसे कळते, तर ‘दिसतंच की’. चौतीस वर्षे पैशापर्यंत ताळेबंद जुळवलेल्या माणसाला हे झेपेना. शेवटी कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने माझी सुटका केली. १९७० साली आलेल्या या पुस्तकात सगळी मापे वाटी-चमच्याची आहेत, म्हणजे हिशेबाला जागा आहे. मी वाटी पक्की केली, चमचा पक्का केला, आणि तेलात आधी एकच मोहरी टाकून ती तडतडली की मगच बाकीची टाकायची, हा नियम वहीत लिहून ठेवला. ही हसली. पण तिसऱ्या आठवड्यात माझी चिंचगुळाची आमटी तिने दोनदा मागून घेतली, याची नोंदही त्याच वहीत आहे.

तेव्हा बाजारात पाव मिळेनासा झाला आणि मला बेकरीतला तो वास आठवला. अर्धा किलो पीठ, दहा ग्रॅम मीठ, सात ग्रॅम यीस्ट, कोमट पाणी. कागदावर सगळे सोपे होते. पहिला पाव निघाला तो उचलून हिने टेबलावर आपटून पाहिला आणि म्हणाली, ‘‘दाराला अडकण म्हणून चालेल.’’ दुसराही तसाच. चौथ्या वेळी मी पोळीच्या कणकेसारखा घट्ट गोळा मळत असताना ती मागे येऊन उभी राहिली. ‘‘एवढं घट्ट कशाला? पुरणपोळीची कणीक कशी असते? सैल भिजवा, जरा मुरू द्या आणि मग तिंबा. ताणली तर तुटायला नको.’’

पुस्तकांतून ग्लुटेनविषयी मी पुष्कळ वाचले होते. त्या सगळ्याचा अर्थ तिने दोन वाक्यांत सांगितला. पीठ सैल असले की आतला वायू त्याला फुगवू शकतो, आणि तिंबून चिवट झाले की तो वायू बाहेर निसटत नाही. त्या दिवशी पाव फुगला. नाशकात एप्रिल-मेमध्ये पीठ पाऊण तासात दुप्पट होते, डिसेंबरात त्याला दोन तासही पुरत नाहीत, हे पुढे अनुभवाने कळले. पण पहिला धडा पुरणपोळीचा.

आता बाटलीची गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना मला अजून थोडे ओशाळायला होते.

लॉकडाऊनमधली साफसफाई चालू होती. माझ्या पुस्तकांच्या कपाटात, मागच्या रांगेत, हिला वाइनची बाटली सापडली. निवृत्तीच्या समारंभात एका बागायतदाराने ती मला भेट दिली होती. (त्याचे कर्ज तोवर पूर्ण फिटले होते, ही नोंद सवयीने करतो.) हिने ती बाटली टेबलावर ठेवली आणि काही न बोलता समोर बसली. मी घाईघाईने सांगू लागलो की ही दारू नव्हे, द्राक्षांची आहे, भेट आहे, उघडलेलीसुद्धा नाही. ती म्हणाली, ‘‘माझे वडील तांदळाच्या डब्यात ठेवायचे. आई भात करायला डबा उघडायची आणि तिचा हात बाटलीला लागायचा.’’

आमच्या लग्नाला तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. सासरे दारूपायी गेले हे मला ठाऊक होते, तांदळाच्या डब्याचे नव्हते. थोड्या वेळाने तिने तिचा नियम सांगितला. ‘‘या घरात बाटली कपाटात राहणार नाही. प्यायची तर टेबलावर, जेवताना, माझ्यासमोर. आणि दुसरा पेला भरायच्या आधी मला सांगायचं.’’

त्या रात्री बाटली उघडली. दोन महिने कपाटातल्या उन्हाळ्यात उकडलेली ती वाइन चिंचेच्या कोळासारखी लागली. उरलेली कढीपत्त्याच्या कुंडीत गेली. लपवून ठेवलेल्या वस्तूचे हे असे होते, असे ही म्हणाली नाही, पण कुंडीकडे बरेच दिवस बघत होती.

त्या बागायतदाराविषयी थोडे सांगतो. माझी बरीच नोकरी नाशिक जिल्ह्यात द्राक्षांच्या कर्जप्रकरणांत गेली. एप्रिलमधली खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी, डावणी, भुरी, औषधांची उधारी. या वेली मला फळांआधी फायलींतून भेटल्या. २०१४च्या मार्चमध्ये गारपीट झाली. तिसऱ्या दिवशी पाहणीसाठी मी या गृहस्थाच्या बागेत गेलो. घड काढणीला आलेले आणि मांडवाखाली सगळा चिखल. पायाखाली मणी फुटत होते आणि हवेत एक गोड, आंबूस, उग्र वास कोंदला होता. फुटलेली द्राक्षे जमिनीवरच आंबू लागली होती. पंचनाम्याचे कागद हातात धरून मी तिथे उभा होतो. परत निघताना त्यांच्या कारभारणीने मला गरम भाकरी आणि पिठले वाढले आणि ती स्वतः चुलीपाशीच बसून राहिली.

वाइनच्या पेल्याला नाक लावले की आजही पहिल्यांदा मला तो मांडव आठवतो. पुढे त्यांनी एकरभर वाइनची द्राक्षे लावली आणि ती एका वायनरीला ठरलेल्या भावाने घालू लागले. खाण्याच्या थॉमसनपेक्षा हे मणी लहान, जाड सालीचे आणि बियांचे. गृहस्थ स्वतः माळकरी, वारी न चुकवणारे. आपल्या द्राक्षांची वाइन त्यांनी आयुष्यात चाखलेली नाही. ‘‘साहेब, कशी झाली ते तुम्हीच सांगा,’’ म्हणून त्यांनी ती बाटली दिली होती. आणि मी ती कपाटात उकडवली! त्यांना मी हे अजून सांगितलेले नाही.

पाव आणि वाइन ही खरे तर सख्खी भावंडे. दोघांनाही जन्म देणारे किण्व एकाच जातीचे, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी नावाचे. ते साखर खाते आणि वायू व अल्कोहोल बाहेर टाकते. पावात वायू कामाला येतो आणि अल्कोहोल भट्टीत उडून जाते. वाइनमध्ये वायू जातो आणि अल्कोहोल राहते. गोव्याचे पोदेर तर पूर्वी पावाचे पीठ माडाच्या ताडीने फुगवत. हे मी हिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘भावंडं असली तरी एक घरी येतं आणि एक गुत्त्यात जातं.’’ यावर काय बोलणार?

महाराष्ट्रात वाइन तशी अलीकडची. नारायणगावाजवळ शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात सुरुवात केली. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली आली, आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही यावर मोठे रण माजले. आमच्या घरात हा निकाल आधीच लागलेला होता: दारूच आहे. वाइन हृदयाला बरी, असेही मी टेबलावर म्हणत नाही. मद्याचे निर्धोक असे कुठलेही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले आहे. मी रीतसर परवाना काढला आहे, आठवड्यातून एकदा एक पेला घेतो आणि त्यासाठी औषधाची सबब सांगत नाही. चांगली लागते म्हणून घेतो.

आणि ती आपल्या जेवणाबरोबर चांगली लागते, हे शोधून काढण्यात फार मजा आहे. तांबड्या रश्श्यापुढे मात्र तिचा निभाव लागत नाही. अल्कोहोलने तिखटाचा जाळ वाढतो आणि लाल वाइनचा तुरटपणा कडवट होतो. किंचित गोडसर शेनिन ब्लां कोथिंबीरवडीबरोबर छान. सोव्हिन्यों ब्लांला पेरूचा आणि हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, ती सुरळीच्या वडीशी जमते. शिराझमध्ये मिऱ्याची झाक असते, तिला काळ्या मसाल्यातली, पण बेताच्या तिखटाची भरली वांगी द्यावीत. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असे पुस्तके सांगतात. ती खोली युरोपातली! नाशकातल्या एप्रिलच्या खोलीत तिचा काढा होतो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी, बिनदिक्कत.

पण मला वाइनचा खरा उपयोग वेगळाच सापडला. ती घाईने पिता येत नाही. पेला समोर आहे म्हणजे बसावे लागते, आणि एक बसला की दुसऱ्यालाही बसावे लागते. आमचे रविवारचे रात्रीचे जेवण आता तास-दीड तास चालते. आधी ते सतरा मिनिटांत उरकत असे, आणि त्यातली पंधरा मिनिटे ही ओटा आणि टेबल यांच्यामध्ये असे. या टेबलावरच मला तिच्या शाळेतल्या गोष्टी कळल्या. तिला एकदा मुख्याध्यापिकेची जागा देऊ केली होती आणि माझी बदली झाली म्हणून तिने नकार कळवला होता. मला तेव्हा का सांगितले नाही, असे मी विचारले. ‘‘तुम्ही जेवून उठला होतात,’’ ती म्हणाली.

ती स्वतः पीत नाही. अर्धा पेला आपल्या पुढ्यात ओतून घेते, उजेडात रंग बघते, वास घेते आणि जेवण संपता संपता तो माझ्या पेल्यात रिता करते. हा दुसरा पेला धरायचा की नाही, याबद्दल आमच्यात अजून एकमत झालेले नाही.

गेल्या रविवारी ओव्हनची घंटा वाजली. मी उठणार तोच ही सवयीने म्हणाली, ‘‘बसा तुम्ही, मी आणते.’’ आणि बसूनच राहिली. मी पाव काढला, कापला, वाफ निघत असलेला पहिला तुकडा लोणी लावून तिच्या ताटात ठेवला. तिने तो खाल्ला आणि म्हणाली, ‘‘मीठ कमी पडलंय. तुमची वही बघा.’’