मत न देणाऱ्याला आग्रह करावा का?

‘माझ्या एका मताने काय फरक पडतो?’ हे वाक्य प्रत्येक घरात कुणी ना कुणी म्हणतंच.

१९ एप्रिल २०२४ रोजी तमिळनाडूत लोकसभेसाठी मतदान झालं. शुक्रवार होता, सुट्टी होती आणि लागून शनिवार-रविवार. धर्मपुरीत सुमारे ८१ टक्के लोकांनी मत दिलं. दक्षिण आणि मध्य चेन्नईत मात्र आकडा ५४ च्या आसपासच राहिला. दक्षिण मुंबईत तर तो ५० च्या जवळपास होता.

मग घरी बसलेल्यांना आग्रह करावा का? काहींना तो चुकीचा वाटतो. ज्याला उमेदवाराचं नावही ठाऊक नाही, त्याने कोणतंही बटण दाबण्यापेक्षा घरी राहिलेलं बरं, असं ते म्हणतात. शिवाय आपल्याकडे मतदान हक्क आहे, सक्ती नाही. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून केंद्रीय निवडणुकीत मतदानाची सक्ती आहे, न गेल्यास दंड होतो. पण दंडाच्या भीतीने माणूस केंद्रापर्यंत येतो, विचार करतोच असं नाही.

हा मुद्दा खोटा नाही, पण अपुरा आहे. चेन्नईचंच पाहा. १६८८ साली स्थापन झालेली ही देशातली सर्वांत जुनी महापालिका. २०१६ मध्ये तिची मुदत संपली आणि २०२२ पर्यंत निवडणूकच झाली नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे मोठे तलाव जवळजवळ कोरडे पडले, लोक टँकरमागे धावले. तेव्हा वॉर्डातलं गाऱ्हाणं घेऊन जायला नगरसेवकच नव्हता. अखेर १९ फेब्रुवारी २०२२ रोजी २०० वॉर्डांसाठी मतदान झालं, तेव्हा जेमतेम ४४ टक्के लोक बाहेर पडले!

गटार, कचरा, पथदिवे, रोजच्या जगण्यातल्या या गोष्टी. मत मागणाऱ्याला कोणती गल्ली मत देते, हे बरोबर कळतं. जी देत नाही, तिच्याकडे फिरकायची त्याला घाई नसते.

शिवाय घरी राहणारे सगळेच उदासीन नसतात. सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातून गलाईच्या धंद्यासाठी परराज्यांत गेलेली मराठी कुटुंबं घ्या. राहणं एकीकडे, यादीत नाव गावाकडे. भाडेकरूंचंही तेच होतं. अशांना उपदेश नको, मदत हवी. पत्ता बदलल्यास फॉर्म ८, नवीन मतदारासाठी फॉर्म ६. दोन्ही मोबाइलवरून भरता येतात. नाव मात्र एकाच ठिकाणी ठेवता येतं. अडचण आली तर १९५० ही हेल्पलाइन आहे.

म्हणून आग्रह जरूर करावा, पण ‘अमक्यालाच दे’ असा नव्हे. मतदानाच्या आदल्या रात्री जेवणानंतर सगळ्यांनी एकत्र बसून उमेदवारांची शपथपत्रं पाहावीत. शिक्षण, मालमत्ता, गुन्हे, सगळं त्यात असतं. आजीला प्रश्न विचारू द्यावेत, अठराच्या नातवाला उत्तरं शोधू द्यावीत. इतकं करूनही कुणीच पटलं नाही, तर २०१३ पासून ‘नोटा’चं बटण आहेच. नाराजी घरात बसून कुणाच्या मोजणीत येत नाही, ‘नोटा’ची मात्र मोजली जाते.